जीर्णोद्धार आणि विम्याचा आकडा

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. छप्पर, रंगमंच, आसने भस्मसात झाली. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. राजर्षी शाहू महाराजांनी 1913 ते 1915 या काळात ‘पॅलेस थिएटर’ म्हणून उभारलेली ही वास्तू कोल्हापूरच्या रंगकर्मींचे घरच होती. त्या भिंतींपुढे कलावंत रडले, ते घर गेल्यासारखेच.

शासनाने निधी जाहीर केला आणि ‘होते तसेच उभे करा’ अशी मागणी झाली. मागणी रास्त आहे. मात्र ‘होते तसे’ याचा अर्थ जपून लावावा लागतो. दगड, कमानी, घडण जुनी हवी. वीजवाहिन्या, अग्निशमन, बाहेर पडण्याच्या वाटा नव्याच हव्यात. 1993 पासून बंद असलेले मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस वास्तुतज्ज्ञ आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली सावरले गेले आणि 2016 मध्ये पुन्हा उघडले. पुढच्याच वर्षी त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

नव्या मंदिरापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट, असे आपल्या परंपरेत सांगतात. मुक्तागिरीच्या पायऱ्या चढणाऱ्या वऱ्हाडातील कुटुंबांना जुन्या वास्तूचे मोल वेगळे समजावून द्यायला नको. तरीही चढाव्यात संगमरवराला बोली लागते, वायरिंगला कोणी बोली लावत नाही!

त्याहून दुर्लक्षित बाब विम्याची. शंभर वर्षांच्या इमारतीची हिशेबवहीतील किंमत घसारा वजा जाता नाममात्र उरते आणि पुष्कळदा विमाही त्याच बेताने उतरवला जातो. समजा, इमारत पुन्हा बांधण्यास 4 कोटी रुपये लागतील आणि विमा 1 कोटीचा आहे. आगीत 40 लाखांचे नुकसान झाले, तर पूर्ण 40 लाख मिळतील असा समज असतो. प्रत्यक्षात अपुऱ्या विम्याच्या नियमाने भरपाई त्याच प्रमाणात कापली जाऊन सुमारे 10 लाखच हाती येतात. रुईच्या गंजीचा विमा बाजारभावाप्रमाणे वाढवून घेणारे व्यापारी हे गणित चांगले जाणतात. धर्मशाळेच्या विमापत्राकडे मात्र त्यांचेच लक्ष नसते.

अंजनगाव सुर्जीसारख्या पेठांतील विश्वस्तांनी यंदा नूतनीकरणाआधी नोंदणीकृत मूल्यांककाकडून पुनर्बांधणीचा खर्च काढून घ्यावा. त्यात सागवान, कोरीव काम करणाऱ्या कारागिरांची मजुरी आणि जळका ढिगारा हलवण्याचा खर्च स्वतंत्र दाखवण्यास सांगावे.