पेटी आणि पोरगा

माझा हापूस दुबईला जातो. शेजारच्या वाडीतला पोरगाही या मे महिन्यात तिकडेच गेला. दोघांची रवानगी मी डोळ्यांनी पाहिली, म्हणून लिहायला बसलो. नाहीतर परदेशातून येणाऱ्या पैशावर बोलायला दिल्लीत तोंडं कमी नाहीत.

आधी पेटीचं सांगतो. फळ देठासकट उतरवायचं, वजनाप्रमाणे वेगळं करायचं, डाग दिसला की बाजूला. रत्नागिरीत पणन मंडळाचं निर्यात केंद्र आहे, हापूसला 2018 पासून भौगोलिक मानांकन आहे. बोटीने जाणारा आंबा 13 अंशांच्या आसपास ठेवतात. पारा जरा वर सरकला की माझा फोन खणखणतो. आणि निर्यातीच्या मालावर जीएसटी नाही. परकीय चलन आणणाऱ्याच्या पाठीवर ओझं टाकू नये, एवढी अक्कल सरकारला आहे.

आता पोरगा. आयटीआय केलेला वायरमन. चलन तोही आणणार, माझ्या पेट्यांसारखं एका हंगामात नाही, बारा महिने. पण त्याला पाठवणाऱ्या एजंटाने त्याच्याकडून 30,000 रुपयांपर्यंत घ्यावेत असा आपल्याकडे नियम आहे, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. झाले 35,400. आंब्याला माफी, माणसाला कर! ज्या देशात तो चालला, त्या यूएईचा 2021 चा कामगार कायदा म्हणतो की भरतीचा खर्च मालकाचा, कामगाराकडून आडवळणानेही वसूल करायचा नाही. तिथले मालक काही संत नव्हेत, कायदा किती पाळतात ते सगळं गाव जाणतं. पण निदान त्यांच्या कागदावर मनाई आहे. आपल्या कागदावर दरपत्रक आहे.

पोरगा दहावी पास, म्हणून पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का नाही, म्हणजे आखातात जायला सरकारी मंजुरीची गरज नाही. ज्याला दहावीची भूमिती सुटली त्याला कफीलचा, म्हणजे तिथल्या मालकाचा, करारनामाही सुटेल, असा कुणा साहेबाचा गाढ विश्वास दिसतो.

2024 मध्ये परदेशातल्या भारतीयांनी सुमारे 129 अब्ज डॉलर घरी धाडले, असा जागतिक बँकेचा अंदाज. जगात पहिला नंबर. रिझर्व्ह बँकेच्या 2023-24 च्या पाहणीत राज्यांमध्ये सर्वात मोठा वाटा महाराष्ट्राचा, 20.5 टक्के. आकडा आला की छाती फुगते. 9 जानेवारीला प्रवासी भारतीय दिवसाला सत्कार होतात, भाषणं होतात. त्यात वायरमनच्या खांद्यावर शाल पडलेली मी तरी पाहिलेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या त्याच पाहणीत घरी येणाऱ्या पैशात अमेरिका यूएईच्या पुढे आहे, तेव्हा आता कौतुक कुणाचं होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

करार करता येत नाहीत असंही नाही. 2022 चा यूएईबरोबरचा व्यापार करार 88 दिवसांत उरकला म्हणून केवढी पाठ थोपटून घेतली! त्यात 200 टनांपर्यंतच्या सोन्याला आयातशुल्कात एक टक्क्याची सवलत आहे. सराफाचा एक टक्का दिसतो, वायरमनचे 35,400 दिसत नाहीत.

आणि ते तरी कुठे 35,400 राहतात? पोराच्या बापाबरोबर मी एजंटाच्या ऑफिसात गेलो होतो. पोरगा 15 जूनच्या आत पोचेल का, असं बापाने विचारलं. तिथे त्या तारखेपासून तीन महिने दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद असतं, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं, आणि पोराला आधी थोडी उन्हाची सवय व्हावी असं त्याचं म्हणणं. एजंट म्हणाला, "काका, काळजी करू नका, एसीत काम आहे." ते काम एसीच्या डक्टमध्ये वायरी ओढण्याचं निघालं, आणि इमारतीत एसी अजून सुरू व्हायचा होता.

पावती 35,400 ची मिळाली, जीएसटी नंबरासकट. उरलेले ऐंशी हजार बापाने सोसायटीचं कर्ज काढून प्लास्टिकच्या पिशवीतून आणले होते. त्यांची पावती नव्हती. नोटा मोजायचं मशीन मात्र टेबलावर तयार होतं.