नोकरीच्या उंबरठ्यावरील जात

परक्या देशात काम मागावयास गेलेल्या माणसाचा अवमान झाला, तर तो मनाची एक समजूत घालू शकतो. हा मुलूख आपला नव्हे, आपले घर दूर आहे, असे म्हणून तो दिवस काढतो. परंतु जो याच मातीत जन्मला, ज्याच्या वाडवडिलांनी याच गावच्या वेशीची राखण केली आणि याच खोतांच्या शेतात घाम गाळला, त्याला आपल्याच जिल्ह्यात काम मागताना प्रथम आडनाव विचारले जाते. आडनावावरून उलगडा न झाल्यास मग 'कोणती वाडी?' असे विचारले जाते. त्याने कोणत्या दूरच्या घराची आठवण काढून समाधान मानावे? आपल्याच देशात परका ठरण्याचे हे दुःख आपल्या समाजाइतके क्वचितच कोणी भोगले असेल. ज्या कुटुंबांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे, त्यांनी तर या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केला पाहिजे.

रोहे तालुक्यातील खांब या गावाचेच उदाहरण घ्या. गाव मुंबई-गोवा महामार्गावर आहे. एका अंगाला सुकेळीची खिंड आणि तिच्या पलीकडे नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प. दुसऱ्या अंगाला कोलाड, आणि तेथून रोह्याकडे वळले की धाटावची रासायनिक कारखान्यांची वसाहत. कोकण रेल्वेचा आरंभही रोह्यापासूनच होतो. तात्पर्य, एके काळी या भागातील माणसाला पोटासाठी थेट मुंबईची गिरणी किंवा गोदी गाठावी लागे. आज त्याच्या गावावरून कारखान्यांच्या मोटारी जातात. काम जवळ आले. मग कामाचे दारही आपल्यासाठी जवळ आले काय, हाच खरा प्रश्न आहे.

जुनी दारे, जुने अडसर

हा प्रश्न आजचा नाही. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडजवळच्या रावढळ गावचे गोपाळबाबा वलंगकर हे फौजेतील निवृत्त सैनिक होते. इंग्रज सरकारने १८९२ च्या सुमारास 'लढाऊ' आणि 'बिगरलढाऊ' असा जातींचा भेद काढून महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा १८९४ साली गोपाळबाबांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. कोकणातील आपल्या कितीतरी घरांना अक्षरओळख झाली, चार पैसे दिसले, ते या लष्करी नोकरीमुळे. ते दार एका हुकुमासरशी बंद झाले. पराक्रम कमी पडला म्हणून नव्हे. जन्म कमी पडला म्हणून! पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. या दोन घटनांच्या मध्ये जवळजवळ अर्धे शतक गेले, आणि पहिल्या महायुद्धातील अल्पकाळाची पलटण सोडली तर त्या अर्ध्या शतकातील तरुणांनी काय केले असेल, याचा हिशेब कोणत्याही सरकारी दप्तरात नाही.

लष्कर मिटले म्हणून माणसे मुंबईच्या गिरण्यांकडे वळली. तेथे त्यांना कातकामाच्या खात्यात जागा मिळे; अधिक पगाराच्या विणकामाच्या खात्यात मात्र मिळत नसे. कारण काय? कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या ओठांस लागलेला धोटा स्पृश्य विणकरास चालत नसे. लक्षात घ्या, ही बंदी केवळ मालकाच्या मनातील नव्हती. शेजारच्या मागावर उभा असलेला, त्याच चाळीतील, तितकाच कर्जबाजारी असा कामगारच ती पाळीत होता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला. पुढे १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले : एक ब्राह्मणशाही आणि दुसरी भांडवलशाही. अस्पृश्यांना रेल्वेत पोर्टरची साधी जागाही मिळत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेतो आणि त्याला घरात अस्पृश्य नको असतो, ही वस्तुस्थिती त्यांनी तेथे उघडी केली. हमालीच्या नोकरीचा निकाल स्वयंपाकघराच्या सोवळ्याने लागत होता!

आणि खुद्द बाबासाहेबांचे काय झाले? अमेरिका आणि इंग्लंड येथे चार वर्षे राहून, उच्च पदव्या संपादून ते १९१७ साली बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले. परक्या देशांत त्यांना कोणी जात विचारली नव्हती. स्वदेशात मात्र राहावयास जागा मिळेना; पारशी धर्मशाळेतून अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून टाकीत. कोलंबिया विद्यापीठाची पदवी त्या शिपायांच्या दृष्टीने निरर्थक होती. शिक्षण घेतले की सारे मिटेल, असे जे भाबडेपणाने सांगतात, त्यांनी हा प्रसंग पुन्हा पुन्हा वाचावा. शिक्षण अपरिहार्य आहे, परंतु ते एकटे पुरेसे नाही.

धर्मांतराची किंमत कोणी लावली?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्या क्षणी ते माणूस म्हणून उंच झाले. परंतु केंद्र सरकारच्या दप्तरात ते अनुसूचित जातीतून वगळले गेले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात हिंदूखेरीज अन्य धर्मीयास अनुसूचित जातीचा मानावयाचे नाही, अशी अट होती. १९५६ साली शिखांपुरती ती शिथिल झाली. महाराष्ट्र राज्याने १९६० साली नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राच्या नोकऱ्यांसाठी मात्र १९९० सालच्या कायद्याची वाट पाहावी लागली. चौतीस वर्षे! या चौतीस वर्षांत आपल्या मुलापुढे केंद्राच्या नोकरीचा अर्ज आला, तेव्हा त्याला दोहोंपैकी एकाची निवड करावी लागे. 'बौद्ध' लिहून सवलत सोडावी, किंवा 'हिंदू महार' लिहून स्वतःची दीक्षा कागदावर नाकारावी. ज्यांनी पहिले केले, त्यांचे ऋण आपण मानतो. ज्यांनी पोटासाठी दुसरे केले, त्यांना दोष देण्याचा अधिकार आपणांस नाही. दोष त्या अटीचा आहे.

आजही कोणी विचारतो, "तुम्ही बौद्ध झालात, मग आता तुमची जात कोठे उरली? सवलत कशासाठी?" त्यास सरळ उत्तर असे की, जात आम्ही सोडली, तुम्ही सोडली नाही. दीक्षा घेणाऱ्याने आपल्या मनातील जात टाकली. नोकरी देणाऱ्याच्या मनातील जात टाकण्याची दीक्षा अद्याप कोणी घेतलेली नाही. ज्या दिवशी तो ती घेईल, त्या दिवशी हा प्रश्न आम्हीच मागे घेऊ.

आजचे दार

आजच्या दारावर पाटी नाही. तेथे 'गुणवत्ता' असे लिहिलेले असते. परंतु ही गुणवत्ता कशी मोजली जाते, हे प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखविले आहे. खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी एकूण ४,८०८ अर्ज पाठविले. अर्जदारांची शैक्षणिक पात्रता समान. फरक केवळ नावाचा. उच्चवर्णीय हिंदू आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाच्या अर्जास पुढील बोलावणे येण्याचे प्रमाण सुमारे दोनतृतीयांश, तर मुस्लिम नावाच्या अर्जास सुमारे एकतृतीयांश निघाले. अर्जदाराचा चेहरा कोणी पाहिला नव्हता, त्याचे बोलणे कोणी ऐकले नव्हते. नाव वाचले आणि निकाल लागला! त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मालकांच्या व व्यवस्थापकांच्या मुलाखती घेतल्या. जात आम्ही पाहत नाही, असे म्हणणारे तेच लोक उमेदवाराची 'घरची पार्श्वभूमी' मात्र महत्त्वाची मानीत होते. पार्श्वभूमी हे जातीचे नवे, धुतलेले नाव आहे.

हे झाले पदवीधरांचे. कारखान्याच्या फाटकावर तर जाहिरातही नसते. तेथे ठेकेदार असतो, आणि ठेकेदार माणसे घेतो ती ओळखीवर. ओळख म्हणजे नाते, नाते म्हणजे जात. कोणी कोणास 'नाही' म्हणत नाही. आपल्याला मात्र बातमी पोहोचते ती जागा भरल्यानंतर.

यात सरकारी नोकऱ्यांचा आक्रसही लक्षात घेतला पाहिजे. नागोठण्याचा प्रकल्प इंडियन पेट्रोकेमिकल्स या सरकारी कंपनीने उभारला. २००२ साली त्या कंपनीचे व्यवस्थापन रिलायन्स उद्योगसमूहाकडे गेले. येथे कोणा एका कंपनीवर ठपका ठेवण्याचा हेतू नाही. मुद्दा नियमाचा आहे. सरकारी उपक्रमास राखीव जागांचे बंधन असते, खाजगी कंपनीस ते नसते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४३ साली शासकीय सेवेत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. तो हक्क कोणी आंदोलन करून काढून घेतलेला नाही. तो ज्या घरात राहत होता, ते घरच विकले जात आहे.

मागणी काय असावी?

राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आदी कारणांवरून नोकरीत भेद करण्यास मनाई केली आहे. परंतु ती राज्याच्या नोकरीपुरती. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात आणि २०१५ साली सुधारलेल्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात धंद्यास व नोकरीस अटकाव करणे हा गुन्हा आहे खरा. तथापि गुन्हा सिद्ध करावा लागतो, आणि नोकरी नाकारणारा आपले कारण कागदावर लिहून देत नसतो.

मग उपाय काय? अमेरिकेत काळ्या कामगारांचे पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा १९४१ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी युद्धोद्योगांतील नोकरभरतीत वर्णभेदास बंदी केली. पुढे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने ती बंदी खाजगी मालकांवर घातली. तेही आपल्याच देशात परके ठरलेले लोक होते. आपल्याकडे हे तत्त्व अपरिचित आहे असेही नाही. स्त्री म्हणून भरतीत भेद करू नये, हे बंधन १९७६ च्या समान वेतन कायद्याने खाजगी मालकावरही घातले, आणि २०१९ च्या वेतन संहितेत तेच तत्त्व पुढे आले. तृतीयपंथी व्यक्तींना नोकरीत भेदभाव करू नये, असे २०१९ चा कायदा सांगतो. मालक खाजगी असला तरी त्याचे दार कायद्यास उघडता येते, हे संसदेने मान्य केलेलेच आहे. मग जातीच्या बाबतीतच कायद्याचा हात का आखडतो? खाजगी भरतीतील जातिभेदास दिवाणी स्वरूपाची बंदी, आणि मोठ्या आस्थापनांनी कोणास घेतले व कोणास नाकारले याची नोंद उघड करण्याची सक्ती, ही आपली मागणी असली पाहिजे.

आपण काय करावे?

काही हितचिंतक सल्ला देतात : आडनाव बदला, गावाचे नाव लावा, गळ्यातील निळा दोरा काढून ठेवा. अडचणीत सापडलेल्या तरुणाने हे केले तर त्याची निंदा करू नये. परंतु समाजाचे धोरण म्हणून हा सल्ला घातक आहे. लपलेला मनुष्य आत जातो. त्याच्या मागचे दार पूर्ववत बंद होते. आणि आत गेलेल्यास आयुष्यभर आपल्या घरच्या तसबिरीपासून आपल्या आईच्या बोलीपर्यंत सारे झाकून ठेवावे लागते. ज्या गुलामीतून बाहेर पडण्यासाठी आपण धम्म स्वीकारला, तिचाच हा पगारी प्रकार होय.

नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. उत्साहाच्या भरात जुने कागद फाडू नका. अनुसूचित जातीच्या प्रमाणपत्राची पडताळणी करताना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे पाहिले जातात. आजोबांचा शाळेचा दाखला, जुना सातबारा, गावदप्तरातील नोंद ही जातीची निशाणी म्हणून नव्हे, तर आपल्यावर झालेल्या अन्यायाचा लेखी पुरावा म्हणून जपा. अर्ज कराल तेथे त्याची प्रत, जाहिरातीचे कात्रण आणि तारीख ठेवा. मुलाखतीत जातीची चौकशी झाली तर त्याच दिवशी लिहून काढा. एकट्याची तक्रार ही रडगाणे ठरते. दहा गावांच्या विहारांनी मिळून ठेवलेली नोंदवही हा पुरावा ठरतो, आणि तो अनुसूचित जाती आयोगापुढे मांडता येतो.

शेवटी एक कटू परंतु आवश्यक गोष्ट. आपल्यापैकी कोणी ठेकेदार होतो, कोणी दुकान काढतो, कोणी साहेब होतो. त्याच्या दारात मातंग, चर्मकार किंवा शेजारच्या वाडीवरील कातकरी उभा राहिला, तर तो त्याचे काम पाहतो की कूळ? रायगडचा कातकरी आजही उचल घेऊन वीटभट्टीवर राबतो. त्याच्यासाठी कोणते दार आपण उघडले? संघात शाक्य राजपुत्रांच्या आधी उपाली न्हाव्यास प्रव्रज्या मिळाली, आणि राजपुत्रांना त्यास वंदन करावे लागले. सम्यक आजीविका म्हणजे केवळ स्वतः निर्मळ मार्गाने मिळवणे नव्हे. दुसऱ्याच्या मिळकतीच्या वाटेत जन्माचा धोंडा न ठेवणे हाही तिचाच भाग आहे. हा धोंडा आपल्या अंगणातून आधी हलवू, म्हणजे कारखान्याच्या फाटकावर तो हलवा असे म्हणताना आपला आवाज कापणार नाही.

जय भीम!