संगणकातला घुसखोर

आपल्या कार्यकर्त्यांपाशी संगणकाच्या व्हायरसचा विषय काढला की ठरलेले उत्तर येते, "वकीलसाहेब, आमच्या संगणकात चोरण्यासारखे आहे तरी काय? जयंतीच्या वर्गणीची यादी आणि दोन-चार निवेदने!" अशा वेळी मला भीमा-कोरेगाव खटल्यातील लॅपटॉप आठवतो. तिथे प्रश्न चोरीचा नव्हताच, आत काही आणून ठेवल्याचा होता.

रोना विल्सन यांचा लॅपटॉप पुणे पोलिसांनी १७ एप्रिल २०१८ रोजी जप्त केला. त्यातील पत्रे हा खटल्याचा मोठा आधार. बचाव पक्षाने डिस्कची प्रत अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेकडून तपासून घेतली. तिचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आला. तो सांगतो की, १३ जून २०१६ रोजी वरवरा राव यांच्या ई-मेल खात्यावरून आलेली फाईल विल्सन यांनी उघडली. खाते राव यांचे, पण ते वापरणारा दुसराच कुणी! त्या फाईलमधून नेटवायर नावाचा प्रोग्राम आत शिरला आणि जवळपास २२ महिने लॅपटॉपचा ताबा परक्या हातात राहिला. किमान दहा पत्रे लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवली गेली. ती त्या लॅपटॉपवर कधी उघडल्याची खूण नाही. ज्या वर्डमध्ये ती तयार झाली, त्याची ती नवी आवृत्ती त्या लॅपटॉपवर नव्हतीच! नागपूरचे आमचे वकीलबंधू सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाबाबतही संस्थेने असाच निष्कर्ष काढला.

तपास यंत्रणेला हे अहवाल मान्य नाहीत आणि त्यांची खरी कसोटी साक्षीपुराव्यातच लागायची, हे वकील म्हणून मी नाकारत नाही. पण विल्सन आणि सुधीर ढवळे यांना जामीन मिळायला जानेवारी २०२५ उजाडला. फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी, कैदी असतानाच, रुग्णालयात गेले.

बरे, नेटवायर हे काही गुप्त शस्त्र नव्हते. इंटरनेटवर ते उघड विकले जात होते. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्याचे संकेतस्थळ ताब्यात घेतले. अशा प्रोग्रामला ट्रोजन म्हणतात. व्हायरस स्वतःच्या प्रती काढत पसरतो, ट्रोजन कामाच्या फाईलचे सोंग घेऊन येतो आणि आपण आपल्याच हाताने दार उघडतो.

मग करायचे काय? ओळखीच्या माणसाने पाठवली म्हणून फाईल उघडायची नाही. भगवान बुद्धांनी कालामांना हेच सांगितले होते : आपला गुरू सांगतो एवढ्यावरून मानू नका, स्वतः तपासा. एक फोन करून 'तुम्हीच पाठवली का?' असे विचारायला काय लागते? व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी लग्नपत्रिका 'एपीके' फाईल असेल तर ती पत्रिका नव्हे. पत्रके छापताना पेनड्राईव्ह डीटीपीवाल्याच्या संगणकातून फिरून येतो, तो आधी स्कॅन करा. मंडळाच्या संगणकावर फुकटची चोरटी विंडोज टाकण्याची आपली सवय तर सोडलीच पाहिजे. विंडोज १० ची सर्वसाधारण मोफत सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, हेही लक्षात असू द्या. अँटीव्हायरस हवाच, विंडोजमध्ये डिफेंडर असतोच. पण नव्या घुसखोराला तो ओळखेलच असे नाही.

दुसऱ्याच्या संगणकात व्हायरस सोडणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ व ६६ प्रमाणे गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. संगणक जप्त झालाच तर 'हॅश' आकडा पंचनाम्यात लिहून मागा. तो म्हणजे डिस्कच्या अंगठ्याचा ठसा, आत एक अक्षर बदलले तरी बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात त्याची नोंद करावी लागते. मात्र हॅश जप्तीनंतरचा फेरफार दाखवतो, आधीच आत शिरलेले नाही.

म्हणून संशय आला की पोराला बोलावून फॉरमॅट मारू नका. आधी इंटरनेट तोडा, संगणक तसाच ठेवा आणि जाणकाराला दाखवा. विल्सन यांच्या डिस्कवर घुसखोराच्या खुणा शिल्लक होत्या, म्हणूनच तो अहवाल लिहिता आला.