हात धुवायला आधी नळाला पाणी हवे

धार काढायला बसण्यापूर्वी तुम्ही म्हशीची कास धुता, आपले हातही धुता. हात मळके राहिले तर दगडी एका जनावराकडून दुसऱ्याकडे जाते आणि सड निकामी झाला की केवढे नुकसान होते, हे तुम्हाला सांगायला नको. गोठ्यात पाळतो तो नियम गावच्या दवाखान्यात पाळला जातो का, हे मात्र आपण पाहत नाही.

उपकेंद्रात सिस्टर एकाची जखम पुसतात, दुसऱ्याला सुई टोचतात, तिसऱ्याचे लेकरू तपासतात. हात तेच. वरून स्वच्छ दिसणाऱ्या हातावरही जंतू असतात. बाळंतीण, नुकते जन्मलेले मूल आणि ऑपरेशन झालेला माणूस यांना त्यांचा धोका सर्वांत मोठा.

हे शहाणपण जगाला फार महागात पडून मिळाले आहे. व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर आणि विद्यार्थी प्रेते तपासून थेट बाळंतिणींकडे जात. एप्रिल १८४७ मध्ये त्यांच्या विभागात शंभरातल्या १८ बाळंतिणी दगावल्या. मे महिन्यात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने हात धुण्याची सक्ती केली. धुवायला काय, तर आपण विहिरीत टाकतो त्या टीसीएल पावडरीच्याच जातीचे पाणी! जूनमध्ये हे प्रमाण शंभरात दोनाच्या आसपास आले. तरीही त्या काळच्या बड्या डॉक्टरांनी त्याचे ऐकले नाही.

आज नियम स्पष्ट आहेत. रुग्णाला हात लावण्यापूर्वी, सुई-सलाईन किंवा मलमपट्टीपूर्वी, रक्त-लघवीशी संबंध आल्यावर, रुग्ण तपासून झाल्यावर आणि त्याच्या खाटेला किंवा सामानाला हात लागल्यावर, अशा पाच वेळा जागतिक आरोग्य संघटनेने सांगितल्या आहेत. हात मळले असतील तर साबण-पाण्याने धुवायचे, त्याला ४० ते ६० सेकंद लागतात. एरवी सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळले तरी चालते. हातमोजे घातले म्हणून हात धुण्यातून सुटका होत नाही.

पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? टाकी कोरडी, नळ गळका, साबणाचा पत्ता नाही, आणि बाहेर रुग्णांची रांग. अशा वेळी एकट्या सिस्टरला बोल लावून काय उपयोग? सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी ही जबाबदारी आपली मानली पाहिजे. आरोग्य केंद्राची रुग्ण कल्याण समिती आणि गावची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती यांच्या बैठकीत हा विषय घ्यावा. तपासणीच्या आणि बाळंतपणाच्या खोलीत वाहते पाणी, साबण आणि कोपराने उघडता येईल असा नळ, एवढे तरी हवेच.

आणि गावकऱ्यांनो, विचारायला लाजू नका. "सिस्टर, हात धुतले ना?" असे नीट शब्दांत विचारले तर त्यात कुणाचा अपमान नाही. मात्र बाळ बघायला गेल्यावर आपणही शेतातून आलेले हात धुऊनच त्याला उचलावे.

येत्या ग्रामसभेपूर्वी सरपंचांनी उपकेंद्रात जाऊन नळ स्वतः उघडून पाहावा. पाणी आले नाही, तर तोच सभेतला पहिला विषय ठरावा.