मुक्काम जव्हारला, फिरणे मोखाड्यात



उल्हासनगरच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. होळीच्या सुट्टीला शनिवार-रविवार जोडून घरची सात माणसे जव्हार-मोखाडा पाहायला जाणार आहेत. सासूबाई सत्तरीच्या, धाकटा नातू तीन वर्षांचा. त्या विचारतात, दूर माळावर तंबूत राहावे की जव्हार गावात खोली घ्यावी? तंबूवाल्याची जाहिरात फार गोड आहे म्हणे.

ताई, खोली जव्हारलाच घ्या. जव्हार सुमारे दीड हजार फूट उंचीवर आहे. फाल्गुनात दुपारी ऊन तापले तरी रात्री अंगावर चादर लागते. एस.टी.चा डेपो गावात आहे, बाजार आहे, आणि म्हातारे माणूस व लहान मूल बरोबर असताना महत्त्वाचे म्हणजे पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे. कल्याणहून वाडा, विक्रमगडमार्गे गाडीने या. २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे, तेवढाच हातभार. खोली ठरवताना गादी-पंख्याच्या आधी एक प्रश्न विचारा: पाणी कुठून येते? नळाचे, बोअरचे की टँकरचे?

हा प्रश्न मी अनुभवातून शिकलो. काही वर्षांपूर्वी आम्ही ऐन मे महिन्यात मोखाड्याच्या बाजूला एका पाड्याजवळ उतरलो होतो. मालकाने पिंप भरून ठेवले होते. मुलांनी दोन-दोन बादल्यांनी आंघोळी केल्या, वर एकमेकांवर पाणी उडवले. पहाटे मी बाहेर आलो तर विहिरीच्या तळाशी एक बाई उतरलेली. वाटीने पाणी खरवडून हंड्यात टाकत होती. वर पाच-सहा हंडे रांगेत. आमचे पिंपही याच विहिरीवर भरले जाते, असे तिच्याकडूनच कळले. ती रागावली नाही. ‘पाहुणे हायेत,’ एवढेच म्हणाली. मला मात्र तोंड धुवायला पाणी घ्यावेना. दरवर्षी २० मार्चला १९२७ च्या चवदार तळ्याची आठवण काढणारे आपण, आणि दुसऱ्याच्या हंड्यातले पाणी सहलीसाठी घेतो!

या भागात पाऊस कमी पडतो असे नाही, उलट धो-धो पडतो. पण जमीन उताराची, खाली काळा खडक. पाणी वैतरणेला मिळते आणि निघून जाते. याच नदीवर मोडकसागर १९५७ मध्ये झाले, मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे मध्य वैतरणा धरण २०१४ मध्ये पूर्ण झाले. दोन्हींचे पाणी मुंबईला जाते. म्हणजे वरळी-नायगावच्या चाळीतला नळ सुटतो तो इथल्या डोंगरांमुळे, आणि इथल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. म्हणून सहल करायची तर फाल्गुनात करा. चैत्र सरत आला की नको.

आता फिरण्याचे. पहिल्या दिवशी जवळचेच पाहा: जयविलास राजवाडा, आणि शिरपामाळ, जिथे सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या शिवाजी महाराजांचा १६६३-६४ च्या सुमारास तळ पडला होता. दाभोशाचा धबधबा या दिवसांत बारीक झालेला असतो; पावसाळ्यातला फोटो डोळ्यांपुढे ठेवून गेलात तर हिरमोड होईल. सासूबाईंना खाली उतरवू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मोखाडा, खोडाळा, जमल्यास सूर्यमाळ. रस्त्याने पळस पेटलेला दिसेल. मोहाची फुले वेचणाऱ्या बायका दिसतील. ती फुले म्हणजे त्यांच्या घरातला पैसा आहे, झाडाखाली पाय टाकताना जपा. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली कुटुंबे होळीला परततात, त्यामुळे एरवी ओस वाटणारे पाडे या दिवसांत गजबजलेले असतात. बोहाड्याची सोंगे निघत असतील तर बघा. सोंगे देवादिकांची आहेत, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे. पण तो मुखवटा घडवणारा आणि संबळाच्या तालावर तो पेलून नाचणारा कष्टकरी आहे, त्याला दाद द्यायला काय हरकत?

तिसरा दिवस मी नाशिकसाठी ठेवीन. त्र्यंबकमार्गे अडीच-तीन तास लागतात. लोक ज्यांना पांडवलेणी म्हणतात, त्या आपल्या त्रिरश्मी बुद्ध लेणी. सातवाहनांच्या राजघराण्याची दाने सगळे सांगतात. मुलांना चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरचा लेख दाखवा: ते दान धंभिक नावाच्या गावाने दिले आहे. कोणा राजाने नाही, गावाने. वेळ उरला तर काळाराम मंदिराच्या परिसरात जा. २ मार्च १९३० चा सत्याग्रह तिथला. तिथूनच नाशिकरोडला रेल्वे धरून कल्याण गाठता येईल, जव्हारला परत फिरायची गरज नाही. मात्र सकाळी निघताना खोली सोडा आणि सामान बरोबर घ्या.

आणखी एक. मोखाड्याला जाताना प्यायचे पाणी जव्हारहून भरून न्या, माणशी दोन लिटर. परत आल्यावर पत्र टाका, खोलीचे भाडे किती पडले तेही लिहा. इतरांना उपयोगी पडेल.