उभ्या गाडीची बॅटरी

नवरात्र संपत आले, खंडेनवमीच्या पूजेसाठी शेडमधली गाडी बाहेर काढायची वेळ झाली, की खंडाळ्यापासून तळेगावपर्यंत आपल्या वाचकांचे फोन वाजू लागतात. तक्रार ठरलेली: सेल्फ घेत नाही. किल्ली फिरवली की टिकटिक आवाज, नाहीतर तोही नाही. तुंगार्ली, वळवण, कुणे, पवनानगर इथल्या कितीतरी बंगल्यांचे मालक मुंबई-पुण्यात राहतात आणि एखादी गाडी इथेच ठेवतात. पावसाळ्यात ती महिना महिना हलत नाही. २५ मार्च २०२०ला देशभर टाळेबंदी लागली, तेव्हा हा अनुभव दारापुढे गाडी असलेल्या प्रत्येकानेच घेतला. आपल्या भागात मात्र तो दरवर्षीचा आहे, आणि तरीही त्यावरचा आपला उपाय बहुतेक वेळा एकच असतो: नवी बॅटरी. मालकाला संध्याकाळपर्यंत घाट उतरायचा असतो, तो पैशाला नाही म्हणत नाही. पण उभी राहून बसलेली बॅटरी आणि आयुष्य संपलेली बॅटरी यांत फरक आहे. तो तपासल्याशिवाय जुनी बॅटरी भंगारात टाकणे हे कारागिराचे काम नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी हवेवर येणारा आळ दूर करू. लोणावळ्याच्या थंडीने बॅटरी बसते, असे मालक म्हणतात आणि आपणही मान डोलावतो. शिसे-आम्लाची बॅटरी पडून असताना आपोआप उतरते ती उष्णतेत जास्त; तापमान दहा अंशांनी वाढले की हा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे मुंबईच्या तळघरातल्या गाडीपेक्षा आपल्या घाटमाथ्यावरच्या गाडीला हवा उलट सोयीचीच आहे. थंडीत सेल्फला जोर कमी मिळतो हे खरे, पण आपल्याकडचा गारठा चांगल्या बॅटरीला अडवेल असा नसतो. इथली खरी अडचण ओलीची आहे. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आठवडाभर न हटणारे धुके आणि बॅटरीच्या झाकणावर साचलेली धूळ. ही धूळ भिजली की दोन टर्मिनलांमधून थोडा थोडा करंट सतत पाझरतो. टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार चढतो आणि चार्जिंगलाच अडथळा होतो. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून टर्मिनल धुवावे, कोरडे करावे, घट्ट आवळावे, वरून पेट्रोलियम जेली लावावी. पाण्याच्या बॅटरीची बुचे त्या वेळी घट्ट बंद हवीत, सोडा आत गेला तर आम्ल मारले जाते.

आता हिशेब. छोट्या पेट्रोल गाडीत ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. गाडी बंद करून लॉक केली तरी घड्याळ, सेंट्रल लॉकचा रिसीव्हर, इंजिनच्या कंट्रोल युनिटची मेमरी जागी असते. धडधाकट गाडीत हा करंट २० ते ५० मिलिअँपिअर असतो. ३० धरला तरी दिवसाला पाऊण अँपिअर-तासाच्या जवळ, महिन्याला २१ ते २२. म्हणजे काहीही दोष नसलेली गाडी महिनाभर उभी राहिली तर बॅटरी अर्ध्याहून अधिक रिकामी होते. त्यात मालकाने सुरक्षेसाठी जीपीएस ट्रॅकर बसवलेला असतो, डॅशकॅम पार्किंग मोडवर असतो, अँप्लिफायरची वायर कोणीतरी थेट बॅटरीला जोडलेली असते. एकूण २०० मिलिअँपिअर झाले की आठवड्यातच खेळ संपतो.

या हिशेबासमोर बंगल्यावरच्या माळीदादांना दिला जाणारा सल्ला ठेवून पाहा: ‘दर रविवारी पाच मिनिटे चालू करून ठेवा.’ आठवड्यात गेलेले असतात पाच अँपिअर-तास. उभ्या इंजिनवर बॅटरीत दहा अँपिअर जात आहेत असे सढळ हाताने धरले, तरी पाच मिनिटांत परत येतो तो जेमतेम पाऊण-एक. पाऊस असला तर काचेवरचे बाष्प घालवायला ब्लोअरही चालू असतो, मग तेवढेही येत नाही. शिवाय इंजिन पुरते तापत नाही, सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी धरते. हा सल्ला आपणच पसरवलेला आहे, तेव्हा तो मागे घेण्याची जबाबदारीही आपली. गाडी चालवायची तर अर्धा-पाऊण तास रस्त्यावर न्यावी, कामशेतपर्यंत जाऊन यावे. ते जमणार नसेल तर निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवावे, किंवा शेडमध्ये प्लग असेल तर १३.५ व्होल्टच्या आसपास धरून ठेवणारा चांगला फ्लोट चार्जर लावावा. पावसात वीज वरचेवर जाते, म्हणून वीज परतल्यावर आपोआप सुरू होणाराच चार्जर सुचवा. टर्मिनल काढण्याआधी मालकाला सांगा की रेडिओचा कोड लागेल, काचांचे ऑटो सेटिंग पुन्हा करावे लागेल, अलार्म आणि ट्रॅकर बंद पडतील.

बसलेल्या बॅटरीत नेमके होते काय? उतरताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते. ते ताजे असते तोवर चार्जिंगने सहज विरघळते. महिनोन्महिने तसेच राहिले की त्याचे खडे मोठे आणि कठीण होतात, मग ते परतत नाहीत. म्हणून मालकाने नेमके कधी गाडी चालवली होती, हा पहिला प्रश्न. चार दिवसांपूर्वी दिवा राहिला आणि बॅटरी बसली, तर ती वाचण्याची शक्यता उत्तम. जूनपासून मेलेली असेल तर आशा कमी, पण प्रयत्न सोडण्याइतकी कमी नाही. चार्जरवर लावल्यावर अशी बॅटरी सुरुवातीला करंट घेतच नाही, व्होल्टेज मात्र झटकन वर चढते. इथे पुष्कळ जण हात टेकतात. थांबा. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला तीन-साडेतीन अँपिअरची मर्यादा ठेवून ती रात्रभर, लागल्यास पुढचा दिवसही राहू द्या. काही तासांनी करंट हळूहळू वाढू लागला तर सल्फेट सुटते आहे. बॅटरी हाताला चटका देऊ लागली तर बंद करा. हायड्रोजन सुटत असतो, तेव्हा दारे-खिडक्या उघड्या आणि विडी-सिगारेट बाहेर. चार्जिंग संपल्यावर लगेच मीटर लावून निर्णय घेऊ नका. काही तास शांत ठेवून मग मोजा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. १०.५ वर अडकून बसली तर एक सेल गेला, तिथे विषय संपला. बाकीच्यांची लोड टेस्ट घ्या: सीसीएच्या निम्मा लोड, १५ सेकंद, व्होल्टेज ९.६ च्या खाली जायला नको. यात नापास झाली तर नवी बॅटरी निःशंक द्या, आणि जुनी अधिकृत मार्गानेच परत पाठवा. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती कुठल्याही भट्टीवाल्याला विकण्याची वस्तू राहिलेली नाही.

मालकाला त्याच दिवशी निघायचे असेल तर जंप द्या, पण जंपने बॅटरी भरली असे त्याला वाटू देऊ नका. पूर्ण बसलेली बॅटरी भरायचे काम अल्टरनेटरचे नाही; तो तापतो आणि मग त्याचेही बिल येते. शेवटची काळी चिमटी बॅटरीवर न लावता इंजिनच्या लोखंडावर लावावी, ठिणगी बॅटरीपासून दूर पडते. स्टार्ट-स्टॉपच्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असतो, तिथे तर हे पाळायलाच हवे.

बॅटरी वाचली तरी काम अर्धेच झालेले असते. करंट कोण खातो ते शोधल्याशिवाय गाडी सोडू नका. मीटर निगेटिव्हला सीरिजमध्ये जोडा, बॉनेट उघडे ठेवून त्याचे लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करा, म्हणजे गाडीला बॉनेट लागले असे वाटेल. दारे लॉक करा, किल्ली लांब ठेवा आणि अर्धा तास वाट पाहा. सुरुवातीला दिसणारे दोन-चार अँपिअर पाहून घाबरू नये, सगळी युनिट झोपायला एवढा वेळ लागतो. त्यानंतरही ५० मिलिअँपिअरच्या वर राहिले तर प्रत्येक फ्यूजच्या दोन टोकांवरचा मिलिव्होल्ट ड्रॉप मोजत जा. फ्यूज उपटू नका, युनिट पुन्हा जागे होते.

विजेच्या गाड्यांबद्दलही हेच फोन आता येऊ लागले आहेत. खालची मोठी बॅटरी भरलेली असूनही १२ व्होल्टची छोटी बसली की मोठीचे कॉन्टॅक्टर जोडलेच जात नाहीत आणि दारही उघडत नाही. या गाड्यांत झोपल्यावरचा करंट किती असतो, हे मालकाच्या पुस्तिकेत सहसा छापलेले नसते. म्हणून एक विनंती आहे. या दिवाळीपर्यंत आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक उभ्या गाडीचे मॉडेल, वर्ष, किती दिवस उभी होती, आल्यावरचे व्होल्टेज, अर्ध्या तासानंतरचे मिलिअँपिअर आणि बाहेरून बसवलेल्या वस्तू एवढे वहीत टिपून आमच्याकडे पाठवा. पेट्रोल, डिझेल, वीज, तिन्ही चालतील. आलेल्या नोंदींचा तक्ता मॉडेलनिहाय लावून छापू, म्हणजे पुढच्या पावसाळ्याआधी गाडी शेडमध्ये लावतानाच मालकाला किती दिवसांची मुदत आहे ते सांगता येईल.