सैनिकाचे मन आणि सरकारी दप्तर

अमेरिकेच्या सैन्यदलांत २०२३ साली ५२३ जणांनी आत्महत्या केली. राखीव दले आणि नॅशनल गार्ड यांचाही या आकड्यात समावेश आहे. हा आकडा जगाला कळतो, कारण तेथील सरकार अशा प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवते. परंतु नोंद ठेवणारे सरकार आणि बढती रोखणारे सरकार एकच असते. या प्रश्नातील खरी अडचण तेथेच आहे.

नोंदी नकोतच, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. २००८ पासून तेथील सर्व दलांसाठी एकच नमुना ठरला आहे. मृत सैनिकाची नेमणूक, कौटुंबिक कलह, आर्थिक अडचणी, शिस्तभंगाची कारवाई, पूर्वीचे उपचार इत्यादी बाबी त्यात नोंदविल्या जातात. अशा माहितीचे मोल २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून दिसून आले. मानसिक उपचारांसाठी रुग्णालयात राहून परतलेल्या सैनिकांपैकी ज्या पाच टक्क्यांना सर्वाधिक धोका असल्याचे नोंदींच्या गणिताने दाखविले, त्यांच्यातच पुढील वर्षभरातील निम्म्याहून अधिक आत्महत्या झाल्या होत्या. माजी सैनिकांच्या खात्यानेही २०१७ पासून आपल्या रुग्णांच्या नोंदी चाळून धोक्यातील व्यक्तींशी आपण होऊन संपर्क साधण्याची पद्धत सुरू केली. तेव्हा नोंद जीव वाचवू शकते, हे निर्विवाद आहे.

परंतु तीच नोंद माणसाला मुकाही करते. गोपनीय अहवालातला एक प्रतिकूल शेरा किती वर्षे पाठीस लागतो, हे आपल्याकडील कोणत्याही कारकुनाला विचारावे. अमेरिकन सैनिकाची भीती याहून निराळी नाही. सुरक्षा-परवान्याच्या अर्जातील एकविसावा प्रश्न मानसिक उपचारांविषयीचा. युद्धातील ताणासाठी घेतलेले समुपदेशन त्यात लिहावे लागू नये, म्हणून २००८ साली संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांना तो बदलून घ्यावा लागला. केवळ उपचार घेतल्याची वार्ता डॉक्टरांनी वरिष्ठांस कळवू नये, असा आदेश २०११ साली निघाला. मात्र सैनिकाकडून स्वतःच्या जिवाला गंभीर धोका असल्यास ती कळवावी, हा अपवाद राहिला. हा अपवाद समर्थनीय आहे. पण ज्याच्या मनात आत्महत्येचा विचार घोळत आहे, नेमकी त्याच्याच बाबतीत गुप्ततेची हमी संपते. मग त्याने डॉक्टरांपाशी मन मोकळे का करावे? लष्करी धर्मगुरूंपाशी विश्वासाने बोललेले गुप्तच राहते, म्हणून कित्येकांना त्यांचाच आधार वाटतो. कारण न सांगता मानसिक तपासणी मागण्याचा हक्क सैनिकाला २०२१ साली संमत झालेल्या ब्रँडन कायद्याने दिला. त्यामागे एका तरुण नौसैनिकाच्या आईवडिलांचा लढा होता.

कागदावरील संरक्षण अपुरे पडते, हाही अनुभव आहे. खासगीपणाच्या १९७४ च्या कायद्याने नागरिकाला आपली नोंद पाहण्याचा व दुरुस्ती मागण्याचा हक्क मिळाला. तरीही ‘नित्य उपयोग’ या सदराखाली त्याच्या संमतीवाचून ती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाऊ शकते. २००६ साली तर माजी सैनिकांच्या खात्यातील एका कर्मचाऱ्याच्या घरी चोरी झाली आणि सुमारे २ कोटी ६५ लाख लोकांची माहिती असलेली संगणकीय सामग्री चोरीस गेली. ती पुढे परत मिळाली, पण विश्वास इतक्या सहज परत मिळत नाही.

अर्थात, दप्तर जाळणे हा यावर उपाय नव्हे. उपचाराचे दप्तर आणि बढतीचे दप्तर यांमध्ये कायद्याची भिंत हवी. अभ्यासासाठी माहिती द्यायची, तर नाव वगळून द्यावी. आपली नोंद कोणी, केव्हा आणि कशासाठी उघडली, हे सैनिकाला कळावे. गुप्तता ही प्रतिबंधाच्या आड येणारी अडचण आहे, असे मानणारे अधिकारी एक गोष्ट विसरतात. या नोंदींतील सर्वात मोलाची माहिती सैनिकाच्या तोंडूनच यावयाची असते, आणि ज्याला भय वाटते तो बोलत नाही.